खानदेशात दिव्यांग एलजीबीटी व्यक्तींचा गट कसा उभारावा आणि कसा चालवावा

चालता न येणारी, न दिसणारी किंवा ऐकू न येणारी व्यक्ती घराबाहेर पडते, तेव्हा बहुतेकदा तिच्यासोबत कोणीतरी असते. भाऊ गाडीवर सोडायला येतो, वहिनी हात धरून एसटीत चढवते, शाळेतले जुने गुरुजी खुणांचा अर्थ समोरच्याला सांगतात. अशी व्यक्ती समलिंगी, उभयलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर), म्हणजे एलजीबीटी, असेल आणि घरी ते ठाऊक नसेल, तर हीच सोबत तिचा सर्वांत मोठा आधार असते आणि तिची सर्वांत मोठी अडचणही असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील अशा व्यक्तींचा छोटा गट चालवताना आम्ही जे शिकलो, ते येथे मांडत आहे. मी स्वतः लहानपणच्या पोलिओमुळे पायाला आधार देणारे कॅलिपर आणि कुबडी वापरते, आणि माझे प्रेम स्त्रियांवर आहे. पुढील प्रत्येक सूचनेमागे एकच प्रश्न आहे: सभासदाचे गुपित आणि सभासदाचा निर्णय त्याच्या स्वतःच्या हातात कसा राहील?

सभासद कोण आणि मत कोणाचे

दिव्यांगांच्या कार्यक्रमांना मी अनेक वर्षे जात होते. तेथे उपकरणांची आणि प्रमाणपत्रांची चांगली माहिती मिळते, परंतु त्याच मांडवात वधू-वर परिचय मेळावाही भरतो, आणि माझ्यासारखीला माईकसमोर उभे करून तिच्यासाठी स्थळ मागितले जाते. पुढे मोठ्या शहरातील एलजीबीटी मित्रमैत्रिणींच्या बैठकीला गेले, तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. दोन्हीकडच्या माणसांनी मला प्रेमाने वागवले, तरी दोन्हीकडे माझा अर्धा भाग दाराबाहेर ठेवूनच आत जावे लागले. म्हणून आमचा पहिला नियम असा ठरला की, जी व्यक्ती स्वतः दिव्यांग आहे आणि स्वतः एलजीबीटी आहे, तीच सभासद होईल आणि मत देण्याचा अधिकार फक्त सभासदांना राहील. डॉक्टर, समाजसेवक, नातेवाईक आणि हितचिंतक यांना एखाद्या ठरावीक कामासाठी बोलवावे, त्यांचे मनापासून आभार मानावेत आणि निर्णयाच्या वेळी त्यांना बाहेर थांबण्याची विनंती करावी. हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावा, कारण मदत करणारा माणूस जितका चांगला, तितके त्याला नंतर 'नाही' म्हणणे जड जाते.

ही पद्धत नवी नाही. ब्रिटनमध्ये दिव्यांग एलजीबीटी व्यक्तींनी स्वतः चालवलेली 'रिगार्ड' ही संस्था १९८९ मध्ये सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा असून भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली. दिव्यांगांविषयीचे निर्णय घेताना त्यांच्याच संघटनांशी विचारविनिमय करावा, हे त्या कराराचे एक मूळ सूत्र आहे.

सभासदत्वासाठी प्रमाणपत्र मागू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यांतील कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आढळतात. सिकलसेल हा आजार त्या २१ प्रकारांत येतो. वेदनेचा झटका आला की आठवडा अंथरुणात जाणाऱ्या मुलाला गावात कोणी दिव्यांग म्हणत नाही, आळशी मात्र म्हणतात. मानसिक आजार, ऑटिझम आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींनाही तितकेच स्थान असावे. वयाची अट मात्र कडक ठेवावी: १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीलाच सभासद करावे. त्याहून लहान मुलाने संपर्क केला, तर त्याला बैठकीला न बोलावता १४४१६ या टेलिमानस क्रमांकाची, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीची, माहिती द्यावी.

पहिला संपर्क

सुरुवात तीन जणांनी केली तरी पुरते. फलक, पत्रक आणि जाहीर आवाहन यांची घाई करू नये. नव्या व्यक्तीशी एकाच जुन्या सभासदाने बोलावे आणि पहिल्या दोन संभाषणांत तिची कहाणी न विचारता तिच्या फोनविषयी विचारावे. फोन तिचा स्वतःचा आहे का? रिचार्ज कोण करते? कुलूप उघडण्याचा आकडा आणखी कोणाला ठाऊक आहे? संदेश कोण वाचून दाखवते? हे प्रश्न रुक्ष वाटतात, परंतु आमच्याकडे ते एका चुकीनंतर आले, आणि ती चूक माझी होती.

चोपडा तालुक्यातील एक अंध मैत्रीण ओट्यावर आईसोबत शेंगा फोडत बसली होती. फोन शेजारी उताणा पडला होता. मी तिला बैठकीविषयी दोन ओळींचा संदेश पाठवला आणि फोनमधल्या टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीने, तो स्वच्छ मराठीत, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून टाकला. त्यात 'आपल्यासारख्या मुलींची बैठक' असे शब्द होते. आईने विचारले, "कसल्या मुली?" मैत्रिणीने अंध मुलींचा बचत गट आहे असे सांगून वेळ मारून नेली, परंतु त्यानंतर सहा महिने ती आमच्याशी बोलली नाही. डोळस माणसाच्या फोनवरचा संदेश तो वाचेपर्यंत गप्प असतो, आणि अंध माणसाचा फोन बोलतो, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

तेव्हापासून पाळत असलेली पद्धत अशी. अंध सभासदाला पहिला संदेश नेहमी "मोकळी झालीस की फोन कर" एवढाच जातो. कुलूपबंद पडद्यावर सूचनेचा मजकूर दिसू नये आणि वाचला जाऊ नये, ही व्यवस्था सभासदासोबत बसून करून दिली जाते, आणि टॉकबॅक वापरणाऱ्या प्रत्येकाकडे इअरफोन आहे ना, याची खात्री केली जाते. नसेल तर गटाच्या पैशातून घेतला जातो. व्हॉट्सॲपवरील गटाचे नाव कोणाचे लक्ष जाणार नाही असे साधे ठेवावे, संदेश २४ तासांत आपोआप पुसले जातील अशी सोय चालू करावी आणि गटात छायाचित्रे टाकू नयेत.

कर्णबधिर सभासदांची अडचण वेगळी आहे. व्हिडिओ कॉलवर ते हातांनी बोलतात, म्हणजे खोलीत शिरणारा आणि खुणा समजणारा प्रत्येक जण ते बोलणे पाहू शकतो. त्यामुळे त्यांनी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसावे. त्याहून मोठा प्रश्न दुभाष्याचा आहे. जिल्ह्यात सांकेतिक भाषेचे दुभाषे मोजके असतात, आणि त्यांतील अनेक जण सभासदाच्या शाळेतले शिक्षक किंवा त्याच्या आईवडिलांचे परिचित असतात. म्हणून दुभाषा गटाने ठरवू नये, त्या सभासदाने निवडावा, शक्य असल्यास दुसऱ्या जिल्ह्यातला घेऊन व्हिडिओवर जोडावा, आणि ऐकलेले कोठेही सांगणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. समलिंगी माणसासाठी शाळेच्या वसतिगृहात रुळलेल्या खुणा बहुधा चेष्टेच्या असतात. कोणती खूण वापरायची, हे कर्णबधिर सभासदांनाच विचारावे आणि ती सर्वांनी शिकावी.

सोबतच्या माणसाचे काय करावे

घरचा माणूस बैठकीला येणार, हे गृहीत धरूनच आखणी करावी. "त्यांना आणू नका" असे सांगितले, तर बरेच सभासद येऊच शकणार नाहीत. आम्ही बैठकीचे दोन भाग करतो. पहिला तास सर्वांसाठी उघडा असतो आणि त्यात खरोखर उपयोगी काम होते: यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरणे, संजय गांधी निराधार योजनेची कागदपत्रे तपासणे, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते तिची मागणी लिहिणे. यात भावाला, वडिलांनाही रस असतो, आणि घरी गेल्यावर सांगायला खरी गोष्ट मिळते. दुसरा भाग फक्त सभासदांचा असतो. त्या वेळी सोबतच्या मंडळींसाठी दुसऱ्या खोलीत चहा असतो, आणि त्यांच्याशी गप्पा मारणारा एखादा विश्वासू हितचिंतक असतो. हितचिंतकांचा आम्हाला झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच आहे.

यात खोटेपणा आहे का, असे एका सभासदाने विचारले होते. माझे मत असे की, पहिला तास नावाला ठेवला तर तो खोटेपणा ठरेल. तो मन लावून घेतला, तर ते गटाचेच काम आहे.

हळूहळू घरच्या सोबतीऐवजी सभासदांनी एकमेकांची सोबत करावी. मला पायऱ्यांवर आधार लागतो, पण बसची पाटी वाचता येते. आमच्या एका अंध मित्राचा खांदा भक्कम आहे, पण फलाटावर कोणती गाडी लागली ते त्याला दिसत नाही. जळगावच्या बसस्थानकात त्याच्या खांद्यावर माझा डावा हात आणि उजव्या हातात कुबडी, अशी आमची जोडी आता तेथील रसवंतीवाल्यालाही ओळखीची झाली आहे. अशा जोड्या लावताना दोघांची गावे एकाच मार्गावर असावीत आणि दोघांची मने जुळावीत. कोणालाही जबरदस्तीने जोडू नये.

जागा, ऊन आणि गाड्या

जागा पाहायला टेप घेऊन जावे. दार ९० सेंटीमीटर रुंद असावे, आणि उतार असेल तर एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी मिळते का ते मोजावे. सभागृहापेक्षा शौचालय आधी पाहावे. ज्या जागी चाकाची खुर्ची शौचालयात जात नाही, तेथे येणारी स्त्री सकाळपासून पाणी पिणे बंद करते, आणि कोणाला काही सांगत नाही. चांगली जागा न मिळाल्यास कमोडची खुर्ची आणि आडोशाचा पडदा सोबत न्यावा.

खानदेशात ऊन हीदेखील सुलभतेची बाब आहे. भुसावळ आणि जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळे तिचे शरीर धोकादायक रीतीने तापू शकते. कॅलिपरचे लोखंड उन्हात चटका देते, हे मी रोज अनुभवते. एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेत बैठक ठेवू नये. मात्र आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा सोडू नये. त्या वेळी सासुरवाशिणी माहेरी येतात, पुण्या-सुरतेला कामाला गेलेली मुलेही गावी परततात, आणि वर्षभर फोनवरच भेटणारे सभासद समोर येतात. म्हणून आम्ही ती भेट संध्याकाळी ठेवतो. हिवाळ्यात शेतातली भरीत पार्टी हे तर एकत्र जमण्याचे सर्वांत सहज निमित्त आहे, कारण त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. फक्त शेत रस्त्यालगतचे निवडावे आणि आधल्या आठवड्यात पाऊस झाला असेल तर बेत बदलावा, कारण ओल्या काळ्या मातीत खुर्चीचे चाक रुतले की चार माणसांनी उचलल्याशिवाय ते निघत नाही.

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशी गावे असल्याने अमळनेरसारखे मधले ठिकाण अनेकांना सोयीचे पडते. धडगाव आणि अक्कलकुव्याकडच्या सभासदांना मात्र रेल्वे नाही आणि घाटाचा प्रवास मोठा आहे. वर्षातून निदान दोनदा बैठक त्यांच्या बाजूला न्यावी. एसटीत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांच्या पुढे साथीदारालाही ५० टक्के सवलत मिळते. उरलेले भाडे गटाने द्यावे, आणि ते बैठक संपण्यापूर्वी हातात द्यावे. मागून घ्यायला लागू नये.

बैठक

बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव सांगावे, म्हणजे अंध सभासदाला कोण बोलते ते कळते. एका वेळी एकानेच बोलावे, चेहऱ्यावर उजेड असावा. जे नाव सभासद सांगेल तेच नाव वापरावे, घरचे नाव विचारू नये. प्रमाण मराठीची सक्ती असू नये. कोणी अहिराणीत बोलेल, कोणी लेवा बोलीत, कोणी पावरीत, आणि मनातली अवघड गोष्ट माणूस आपल्या बोलीतच मोकळेपणाने सांगतो. ज्याला भाषांतर हवे असेल त्याच्यासाठी शेजारच्याने हळू सांगावे. दर दीड तासाला विश्रांती असावी, आणि ज्याला आडवे व्हायचे असेल त्याच्यासाठी सतरंजी अंथरलेली असावी.

निर्णयाचे विषय साध्या, छोट्या वाक्यांत आधी कळवावेत. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या सभासदाचे मत त्याच्या आईला विचारून घेण्याची सवय फार लवकर लागते. ती लागू देऊ नये. प्रश्न पुन्हा विचारावा, चित्र काढून विचारावा, दुसऱ्या दिवशी विचारावा, पण त्यालाच विचारावा. प्रेम, शरीरसंबंध आणि संमती हे विषय टाळू नयेत. आपल्यापैकी अनेकांना लहानपणापासून उचलणारे, आंघोळ घालणारे, कपडे बदलणारे हात इतरांचे होते, आणि 'हात लावू नको' असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे हे कोणी शिकवलेच नाही. आमच्या सर्वांत लांबलेल्या बैठका याच विषयावर झाल्या आहेत.

कागदपत्रे

पारलिंगी सभासदांना २०१९ च्या कायद्यानुसार ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम तपासून घ्यावेत. एका कागदावर नवे नाव आणि दुसऱ्यावर जुने, अशी स्थिती झाली तर अनुदान अडकू शकते. म्हणून आधार, यूडीआयडी, बँक आणि रेशनकार्ड यांवरील नाव व लिंग यांचा एक तक्ता करावा आणि कोणता बदल कधी करायचा ते आधी ठरवावे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील एक तरतूद प्रत्येक सभासदाला समजावून सांगावी. कोणतीही सज्ञान व्यक्ती मानसिक उपचारांच्या बाबतीत आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. त्यासाठी साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो, आणि तो प्रतिनिधी नातेवाईकच असावा असे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, त्यामुळे जोडीदाराला पत्नी किंवा पती म्हणून आपोआप काहीही मिळत नाही. प्रतिनिधी नेमण्याचा हा साधा कागद, बँकेतील वारसनोंद आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र या तीन गोष्टी त्यामुळेच मोलाच्या आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच १८ व्या कलमाने उपचारांत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. समलिंगी व्यक्तीला 'बरे' करण्याचे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले आहे. घरचे लोक कोणाला अशा उपचारांसाठी नेत असतील, तर हे वाक्य लिहिलेला कागद जवळ असावा.

नोंदणी आणि पैसा

संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्यानुसार किमान सात व्यक्ती लागतात, आणि त्यांची नावे, पत्ते, सह्या सरकारी दप्तरात जातात. ती कागदपत्रे इतरांना पाहता येतात. सात जण उघडपणे नाव द्यायला खरोखर तयार होईपर्यंत नोंदणी करू नये, आणि कोणावर तसा दबावही आणू नये. आम्ही अजून नोंदणी केलेली नाही. दरमहा प्रत्येकी वीस रुपये जमतात, वही एकाकडे आणि पैसे दुसऱ्याकडे असतात, आणि हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचला जातो. देणगीदार बैठकीचे छायाचित्र मागत असेल, तर ती देणगी नम्रपणे नाकारावी.

घरी कळले तर

दिव्यांग माणसाला शिक्षा करायला हात उचलावा लागत नाही. कुबड्या माळ्यावर ठेवल्या, खुर्चीची हवा काढली, फोनचा चार्जर उचलून नेला, औषध आणायला उशीर केला, शौचाला नेण्यासाठी दोन तास थांबवले, की पुरते. हा छळच आहे, हे सभासदाला आणि गटालाही स्पष्ट माहीत असावे. २०१६ च्या कायद्याच्या ७ व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीच्या छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांना किंवा प्रांताधिकाऱ्यांना, देऊ शकते. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तातडीच्या वेळी ११२ आणि स्त्रियांसाठी १८१.

तक्रार करायची की नाही, हे सभासदाने ठरवावे, कारण उद्या सकाळी तिला उठवून बसवणारा हात बहुधा त्याच घरातला असतो. मात्र जिवाला धोका असेल आणि ती स्वतः फोन करू शकत नसेल, तर गटातील कोणी करावा, हे तिच्याकडून आधीच विचारून ठेवावे. एक पिशवी तयार असावी: कार्डांच्या प्रती, सात दिवसांची औषधे, लागत असल्यास कॅथेटर (लघवीची नळी), चार्जर, कुबडीचे जादा रबर, थोडे पैसे. पिशवी घरात ठेवणे धोक्याचे असेल, तर जोडीतील सोबत्याच्या घरी ठेवावी.

शेवटी एक कार्ड प्रत्येक सभासदाकडून भरून घ्यावे, आणि दरवर्षी आखाजीच्या भेटीत ते नव्याने वाचावे. मी दवाखान्यात दाखल झाले तर कोणाला कळवावे आणि कोणाला कळवू नये. माझा मृत्यू झाला तर फोनमधील संदेश कोणी पुसावेत. आणि माझ्या घरी भेटायला येणाऱ्या मैत्रिणीने स्वतःची ओळख काय म्हणून सांगावी. आमच्या एका सभासदाने या शेवटच्या रकान्यात लिहिले आहे: "माझी दाराशी बसणारी मैत्रीण. आईला ती ओळखीची आहे. तिला आत, माझ्याजवळ बसू द्यावे."